कॉर्डोबातला आपला माणूस

स्पेनला जायचं ठरलं खरं, पण कॉर्डोबात उतरायचं कुठे, यावरून चौबे कॉलनीतल्या नरेंद्ररावांच्या घरात दोन पक्ष पडले. त्यांच्या बायकोच्या, कुमुदताईंच्या मनात जुन्या गावातलं एक लहानसं हॉटेल भरलं होतं. मध्ये अंगण, भिंतीभर फुलांच्या कुंड्या. नरेंद्ररावांचं म्हणणं, ज्या गावात आपला माणूस आहे तिथे हॉटेलात उतरणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. रेल्वेच्या नोकरीतल्या पासवर त्यांनी भारत पाहिला तो याच तत्त्वावर. कुमुदताईंनी पाहिली ती नातेवाइकांची स्वयंपाकघरं. जयपूरला किल्ला राहिला आणि पुरणपोळ्या झाल्या.

"यंदा मले कोणाच्या ओट्याशी उभं नाही राहायचं," त्या म्हणाल्या.

"अवं, पण आपला विराज तिथंच शिकून राहिला ना!"

विराज म्हणजे नरेंद्ररावांच्या मावसभावाचा आणि त्याच शहरात बूढापारा मोहल्ल्यात राहणाऱ्या विनोदिनीवहिनींचा मुलगा. त्याला मराठी कळते, उत्तर हिंदीत येतं. नरेंद्ररावांनी फोन लावला.

"हव काका, आ जाओ ना. घर आपका ही है."

असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे, आणि ते खरं न मानायचीही रीत आहे. नरेंद्ररावांना पहिलीच ठाऊक होती.

दुपारी कुमुदताईंनी विराजला स्वतः फोन केला. काका पहाटे उठून खड्या आवाजात स्तोत्रं म्हणतात, रात्री घोरतात आणि मुक्काम चांगला लांबेल, हे सगळं त्यांनी प्रेमाने सांगितलं. संध्याकाळी विराजने कळवलं, "काका, मकान मालिक मना कर रहा है."

नरेंद्ररावांचं तोंड उतरलं. कुमुदताईंनी त्यांना चहा दिला आणि तो निवायच्या आत हॉटेलची खोली पक्की केली.

पण नरेंद्रराव गप्प बसतात थोडेच! त्यांनी बूढापाऱ्यात गाऱ्हाणं घातलं. वहिनींनी लेकाला फैलावर घेतलं आणि उलट फोन केला.

"भाऊजी, घरमालकाले मनवलं त्यानं. अन् मी पण येऊन राहिली तुमच्यासोबत. कुमुद अन् मी मिळून रांधू. पोट्ट्याचे चार दोस्त बी जेवतीन."

नरेंद्ररावांनी फोनवर हात ठेवून ही खूशखबर बायकोला दिली. कुमुदताई अजिबात चिडल्या नाहीत.

"मग तुम्ही अन् वहिनी राहा विराजकडे. मी हॉटेलात राहते."

"अन् माझा चहा? माझ्या गोळ्या?"

"पाच पोट्टे आहेत ना तिथं. कोणीतरी देईल."

बायकोशिवाय आपण आजवर एकही प्रवास केलेला नाही, हे नरेंद्ररावांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांना चक्क भीती वाटली. त्यांनी फोनवरचा हात काढला आणि ते खाकरले.

"वहिनी, आजकाल कोणाकडे असं जाऊन पडणं बरं नाही दिसत. पोट्ट्याच्या अभ्यासाचं नुकसान होते. आम्ही दोघं हॉटेलातच उतरतो. तुम्ही मात्र लेकाकडे खुशाल राहा."

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्या हॉटेलात अजून एक खोली भेटते का पहा ना. पाच पोट्ट्यांचं मी एकटी कोठवर रांधू?"