धुरीकाकांची अटलांटिक वसाहत

जगाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांना फुकटचा मान मिळाला आहे. खरे थोर ते, जे तिथे राहिले. हे वाक्य माझे नाही. ते आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर धुरीकाका यांचे आहे. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा काका मस्कतमधल्या आमच्या दार्सैतच्या इमारतीच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादलीत कोंब फुटलेला बटाटा पुरत होते.

"बटाटा कशाला, काका?" मी विचारले.

"बटाट्याशिवाय वसाहत होत नाय, भावेसायब," ते म्हणाले आणि बोटाने माती दाबली.

धुरीकाका कुडाळजवळचे. जहाजदुरुस्तीच्या आमच्या कंपनीत ते एकतीस वर्षे दोर, रंग आणि नटबोल्ट सांभाळत होते. इमारतीत ते आमच्या दोन मजले वर, आणखी तिघांबरोबर बॅचलर फ्लॅटमध्ये राहत. चौघांचीही लग्ने झालेली होती. आखातात ज्याची बायको गावी असते तोही बॅचलरच.

त्यांच्या वेडाची सुरुवात एका पंपापासून झाली. दुरुस्तीला आलेल्या एका जहाजाचा पंप स्टोअरमध्ये आला तो जुन्या सागरी नकाशात गुंडाळलेला होता. पंपाचे पुढे काय झाले ते कुणाला आठवत नाही. नकाशा काकांनी घरी आणला आणि पलंगाच्या वर टेपने चिकटवला. दक्षिण अटलांटिक. सगळा कागद पाण्याचा, आणि मधोमध माशीने बसून जावे तसे चार ठिपके. ट्रिस्टन द कुन्हा आणि त्याची भावंडे. त्या जहाजाच्या खलाशांना काकांनी विचारले, "माणसं राहतात थय?" राहतात, असे उत्तर आले. दोन-अडीचशे, त्याहून जास्त नाहीत. विमान जात नाही. केप टाउनहून बोटीने आठवडाभर. त्या दिवसापासून काकांनी त्या बेटांबद्दल मिळेल ते वाचले, आणि जे वाचले ते आम्हाला सांगितले. पर्याय आम्हाला नव्हता, कारण लिफ्ट वरचेवर बंद असे आणि जिन्यात काका भेटत.

पाचशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज दर्यावर्दीने हे बेट पाहिले. समुद्र खवळलेला होता, बोट किनाऱ्याला लागेना. त्याने बेटाला स्वतःचे नाव दिले आणि तो पुढे गेला.

"नाव दिलं आणि गेला!" काका थांबून कठड्यावर हात आपटत. "उतरला काय? नाय!"

हे 'उतरला काय' त्यांनी पुढे सगळ्या मानवजातीला लावले. आमचे एक शेजारी आठवड्यात सात देश करून आले, बसने. काकांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि विचारले, "उतरलात काय?" माझ्या मुलीने, रेवाने, शाळेच्या प्रोजेक्टसाठी जगातले थोर शोधक निवडले. काकांनी तिला तासभर बसवले.

"बट काका, ही डिस्कव्हर्ड इट ना," ती म्हणाली.

"लांबून बघितलं बाय. बघूक काय, मी पण चंद्र बघतंय."

प्रोजेक्टच्या शेवटी रेवाने लिहिले की या पोर्तुगीज शोधकाने विशेष काहीच केले नाही. बाईंनी लाल पेनाने खाली लिहिले, 'प्लीज बी रिस्पेक्टफुल'.

सर्वांत गाजलेला प्रसंग वार्षिक समारंभातला. कंपनीचे मोठे साहेब ओमानच्या वाळवंटी किनाऱ्यावरच्या दुक्मच्या प्रकल्पाला भेट देऊन आले होते आणि 'दुक्मने मला काय शिकवले' या विषयावर चाळीस मिनिटे बोलले. निर्जन वाळवंट, कामगारांची जिद्द, मानवी आत्म्याचे सामर्थ्य. काका दुक्मच्या कॅम्पात चौदा महिने राहिलेले. शेवटच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "सायब गाडीतून उतरलेले काय?" साहेब उतरले नव्हते, बाहेर फार ऊन होते. पण साहेब मराठी नव्हते, एवढ्यावर काकांची नोकरी वाचली.

बेटावरचा पहिला रहिवासी एक अमेरिकन. त्याने उतरताच स्वतःला सर्व बेटांचा राजा म्हणून जाहीर केले, जाहीरनामा काढला. प्रजा दोन-तीन माणसांची. दोनेक वर्षांत राजा बोटीसकट बुडाला. काकांच्या मते त्याचे चुकले ते जाहीरनाम्यात. मग इंग्रजांनी तिथे सैनिक ठेवले. कारण असे की, फ्रान्सच्या पदच्युत बादशहाला त्यांनी दुसऱ्या एका बेटावर कोंडले होते आणि त्याला सोडवायला कुणी इकडून येईल अशी त्यांना भीती होती. मधले अंतर दोन हजार किलोमीटरांहून जास्त. सरकारी खबरदारीचे हे उदाहरण ऐकताना मी हसलो की काका मला थांबवत. कारण पुढचा भाग हसण्याचा नव्हता.

वर्षभराने पलटण परत बोलावली. सगळे सैनिक बोटीत चढले. एका स्कॉटिश कॉर्पोरलने मात्र वरिष्ठांना विचारले, मी बायकोमुलांना घेऊन इथेच राहू का? तो राहिला. दोघे-तिघे सोबती राहिले. त्यांनी कागदावर करार केला: जे आहे ते सगळ्यांचे सारखे, कुणी कुणापेक्षा मोठा नाही.

हा करार काकांनी मराठीत करून फ्लॅटच्या फ्रिजवर लावला. 'या फ्लॅटमध्ये कुणीही कुणापेक्षा मोठा नाही. बाथरूम सर्वांना सारखे.' खाली चौघांच्या सह्या होत्या. काकांची सही बाकी तिघांच्या मिळून असेल एवढी होती. सकाळी पहिला नंबरही त्यांचाच लागे.

साठेक वर्षांपूर्वी त्या बेटावर ज्वालामुखी जागा झाला. सगळ्यांना उचलून इंग्लंडला नेले. घरे दिली, नोकऱ्या दिल्या, टीव्ही दिले. वर्षभराने त्यांचे मत घेतले, तेव्हा जवळजवळ सगळे म्हणाले, आम्हाला परत सोडा.

"येडे असतील," काकांचा एक रूममेट म्हणाला.

"येडे नाय रे. थय त्यांचे बटाटे होते."

काकांचेही बटाटे होते. मस्कतच्या हिवाळ्यात, सहा बादल्यांत. फेब्रुवारीत पीक निघे. सुपारीएवढे बटाटे असत, पण काका ते चार फ्लॅटांत वाटून टाकत आणि दुसऱ्या दिवशी अभिप्राय गोळा करत.

आता हे सांगायला हवे की आखातात कुणी वस्ती करायला येत नाही. व्हिसा दोन वर्षांचा. त्याचे नूतनीकरण होत होत माणूस तीस वर्षे राहतो आणि तरी भिंतीत खिळा ठोकत नाही; आता काय, जायचेच आहे, म्हणतो. काकांचा नकाशाही टेपनेच लावलेला होता. दर मे महिन्यात ते तीस दिवस गावी जात. महिनाभर आधीपासून खोकी भरत: दूधपावडर, खजूर, साबण, बॅटऱ्या. खोकी स्टोअरच्या दोराने अशी बांधत की गावी ती कोयत्याशिवाय उघडत नसत. सहाही बाजूंना मार्करने नाव आणि पत्ता. जूनमध्ये परत आले की काकी कशा आहेत असे विचारावे, तर म्हणत, "मस्त. सगळं तिच्या हातात आसा." सासूचे शेवटपर्यंत काकींनी केले. विहीर खणून घेतली. मुलीचे लग्न जमवून, लावून दिले. मागच्या पडवीचे काम झाले ते काकांना फोटो आल्यावर कळले. हे सगळे ते बेटाचा इतिहास सांगावा तशा अभिमानाने सांगत.

मग त्यांना कंपनीचे पत्र आले. वय झाले होते. व्हिसा पुढे वाढणार नव्हता. काकांनी अर्बाबना, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकांना, एक अर्ज लिहिला. माझ्याकडून इंग्रजी तपासून घेतले. अर्जात त्या कॉर्पोरलचा उल्लेख होता. मी तो काढायला सांगितला. त्यांनी काढला नाही. अर्बाबनी त्यांना बोलावून चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खलास, धुरी. एकतीस वर्षं. आता घरी आराम कर, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," काका म्हणाले.

निरोप समारंभ झाला. मोठे साहेब पुन्हा बोलले. काकांना आधारस्तंभ, वटवृक्ष आणि दीपगृह या तिन्ही पदव्या एकाच वाक्यात मिळाल्या. काचेचे एक जड स्मृतिचिन्ह मिळाले, त्यावर जहाज होते.

दोन दिवसांनी एचआरमधली मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिच्या हातात काकांचा शेवटचा फॉर्म होता. "भावे अंकल, धुरी अंकल ने ये क्या लिखा? पर्मनंट ॲड्रेस में दार्सैत लिख दिया."

आखातातला माणूस हा रकाना झोपेतही भरू शकतो. गावचे नाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. एकतीस वर्षे काकांनी तो कधी चुकवला नव्हता. आता, निघायला आठ दिवस राहिले असताना, कायमच्या पत्त्यात त्यांनी इमारतीचा नंबर, गल्लीचा नंबर आणि चौथा मजला लिहिला होता.

शुक्रवारी सकाळी मी फॉर्म घेऊन गच्चीवर गेलो. काका बादल्या रिकाम्या करत होते. फॉर्म पाहिला आणि म्हणाले, "चुकून झालं." मग पेन घेतले. मग खाली ठेवले.

तेवढ्यात काकींचा फोन आला. हात मातीचे होते, म्हणून काकांनी तो स्पीकरवर ठेवला.

"तिकीट काढलात?"

"काढलं. बुधवारचं."

"बरां. खोके कमी आणा, ठेवूक जागा नाय." मागे म्हैस ओरडली, काकी तिच्यावर ओरडल्या. मग सहज, दरवर्षी विचारत असतील तशाच आवाजात त्यांनी विचारले, "किती दिस रवतल्यात?"

किती दिवस राहणार, हे सुट्टीवर येणाऱ्याला विचारतात; या वेळी परतीचे तिकीट नव्हते. काकींच्याही ध्यानात आले असावे. "ऱ्हवांदे, मी दूध काढूक जातंय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काका कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली कृष्णमंदिराकडे जाणारी माणसे दिसत होती.

"भावेसायब, जहाज आलं ना, की त्या बेटावर घंटा बडवतात," ते म्हणाले. "सगळे कामं टाकून किनाऱ्यावर येतात. चांगलं जेवण करतात. चार दिवस मजा. पण जहाज गेलंच नाय तर? त्यांची कामं खोळंबतात." मग हातांची माती झटकत म्हणाले, "एकतीस मे महिने मी जहाज. जहाजाला बटाटे लावूक कोण जागा देतो?"

लोकांना बेधडक 'उतरलात काय' विचारणारा हा माणूस इतकी वर्षे स्वतःलाही तेच विचारत असणार, हे मला त्या दिवशी कळले, आणि इतक्या उशिरा कळल्याची लाज वाटली. फॉर्मवरचा कुडाळचा पत्ता शेवटी माझ्या अक्षरात गेला.

बुधवारी काका गेले. नकाशा त्यांनी रेवाला दिला. सामानात काचेचे जहाज होते, आणि पायमोज्यात कोंब फुटलेले चार बटाटे. विमानतळावर कुणी विचारले तर काय सांगाल, असे मी म्हणालो. "वसाहत," ते म्हणाले.

मी फोन करीन करीन म्हणत तीन महिने गेले, तिकडे कोकणात पावसाळा लागला. केला तेव्हा काकांनीच उचलला.

"कसं चाललंय?"

"पहिला महिना पाहुण्यांच्या ताटात जेवलंय, भावेसायब. चांदीची किनार असलेलं ताट. पापड, लोणचं, सोलकढी. मी म्हटलं, संपलं. हे ताट काय सुटत नाय. एकतिसाव्या दिवशी सकाळी हिनं माका पिशवी दिल्यान आणि म्हणाली, दळण घेऊन या. येताना म्हशीची पेंड आणा. आणि घरी येतंय तर जेवणाचं ताट बघतंय, पोचे पडलेलं. तिच्या ताटासारखंच."

मला वाटते आम्ही दोघेही त्या पोचे पडलेल्या ताटाकडे पाहत होतो.

"म्हणजे उतरलात," मी म्हणालो.

"उतरलंय बाबा," काका म्हणाले. "आणि ऐका, गोठ्याच्या मागची जागा दिल्यान बटाट्यांना. स्वतः माती भुसभुशीत केल्यान. माझी पाठ धरली होती, तेव्हा आठ दिवस पाणी पण तिनंच घातलं. विहिरीवरनं, कळशीनं."

"मग? आले का बटाटे?"

पलीकडे काकींचा आवाज आला. त्या फोनपासून लांब, बहुधा चुलीशी असाव्यात, पण शब्द स्वच्छ ऐकू आले.

"हय बटाटे होतत कधी?"

कोकणातल्या पावसात बटाटा कुजतो. हे काकींना पहिल्यापासून माहीत होते.