चरबी कोणाला चढली?

एका जंगलात, बाळांनो, राजाची नाडी बघायला कोणी धजत नव्हतं. का ते सांगते. आधी ती नाकं पुसा.

राजा होता सिंह, नाव वज्रनख. पूर्वी महाराज स्वतः शिकारीमागे धावायचे. मग तरसाने त्यांना एक भुकटी आणून दिली.

"ही चाटायची, महाराज. धोंडे उचलावेत गरिबांनी. ही चाटली की दंड आपोआप फुगतात."

महाराज लोळत भुकटी चाटायचे. वर एक लठ्ठ सांबर गुहेत घरपोच. आणि खरंच फुगले की हो! पंजे फुगले, मान फुगली, गुडघे तर दुधी भोपळे झाले.

"काय बाळसं धरलंय!" दरबार म्हणायचा.

फक्त महाराजांना उठता येईना. तेव्हा साळूबाईला बोलावणं गेलं. रक्त तपासावं ते तिनेच. सुया अंगच्याच, आणायला कुठे जायला नको.

साळूबाई घाबरली. आधीचे वैद्य कासवअण्णा खरं बोलले होते, आणि त्यांच्या पाठीतून आता महाराज पाणी पीत होते. साळूची दोन पिल्लं घरी, त्यांचे काटे अजून मऊ.

तिने सुई टोचली. थेंब पळसाच्या पानावर ठेवला. तो थिजलेल्या तुपासारखा जागीच बसला. मग तिच्या तोंडून जायचं ते गेलंच.

"महाराज, हे बाळसं नाही, सूज आहे. आणि आपल्याला चरबी चढलीय."

अगं बाई! राजाला असं कोणी म्हणतं का? तरसाचं हसू थांबलं, म्हणजे बघा.

"आम्हाला चरबी चढली?" महाराज गरजले. "थांब, तुझीच उतरवतो!"

साळूचे काटे खुळखुळ वाजायला लागले.

"रक्तात, महाराज, रक्तात म्हणतेय मी! आणि ती तरी आपली कुठेय? आपण खाता सांबर. सांबर खातं, लोळतं, माजतं. चरबी त्याची. आपल्याकडे नुसती राहायला आलीय."

महाराजांना हे लगेच पटलं.

"मग प्रजेची उतरवा!"

झालं. दवंडी पिटली. ससे धोंडे उचलू लागले, सांबरं ओंडके ओढू लागली. रानडुकरं बैठका काढून रडकुंडीला आली. साळूने पाणवठ्यावर सगळ्यांना जवस वाटले.

"रोज मूठभर खा आणि ओझं उचला," ती बजावायची. "दोन्ही करायचं हं. नुसतं चाटून काही होत नाही."

आधी सगळ्यांनी तिला शिव्या घातल्या. मग एका सशाच्या घोट्याची सूज उतरली. सांबरांना चढावर धाप लागेना. रानडुकरं तर कोणी न सांगता बैठका काढू लागली.

इकडे चपळ झालेली सांबरं घरपोच येईनात. महाराज भुकेपोटी कसेबसे उठले, तर हाती कोण लागतंय? सांबरं पुढे, महाराज मागे. ससा तर धोंड्यासकट पळाला. महाराज धावले, आपटले, उपाशी झोपले, उठून पुन्हा धावले. दरबारात चघळायला हाडूक उरलं नाही, तसं तरसाने भुकटीचं दुकान दुसऱ्या जंगलात हलवलं.

असं करता करता महाराज वाळून काडी झाले. साळूने पुन्हा सुई टोचली. थेंब पानावरून सरसर घरंगळला.

"उतरली, महाराज," ती म्हणाली. "चरबी पार उतरली."

महाराजांनी मान वर केली. भोवती प्रजा उभी होती. प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक धोंडा, आणि खाली कोणी ठेवत नव्हतं.

"कोणाची?" असं महाराजांनी विचारलं नाही. "बरं, बरं," म्हणाले आणि नखं आत घेतली. साळूच्या जिवात जीव आला.

तात्पर्य : राजाला चरबी चढली, तर राजाला काही बोलू नये. प्रजेने मुकाट्याने व्यायामाला लागावं.