दीपगृहाच्या अलीकडचं वळण

माझ्यासारखी तीक्ष्ण नजर लाखात एखाद्यालाच मिळते. ग्रंथालयात तीस वर्षं मी हरवलेली पुस्तकं शोधली. अकरा सापडली. त्यांतली नऊ माझ्याच घरी होती, पण त्यामुळे शोधाचं मोल कमी होत नाही.

तर, आम्ही तीन दिवस समुद्रकाठी गेलो होतो. मी, बायको आणि ढब्बू नावाचा आमचा भलाथोरला कुत्रा. कड्यावरच्या पायवाटेनं दीपगृहापर्यंत चालत जायचं, एवढाच बायकोचा हट्ट. तिचे वडील तिथे दिवा सांभाळायचे. तिचं बालपण तिथल्याच एका खोलीत गेलेलं. पुढच्या महिन्यात ती खोली पाडणार होते.

पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवरच्या वळणावरून मी सगळ्यांना परत आणलं, कारण आकाशाचा रंग मला संशयास्पद वाटला. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर ढब्बूनं बसकण मारली. ओढलं, दटावलं, विनवलं, पण तो ढिम्म हलेना.

मी तपास हाती घेतला. आधी वाटलं, खाली प्रेत पुरलंय. काठीनं तासभर उकरलं तेव्हा बाटलीचं झाकण निघालं. म्हणजे तस्कर, आणि तेही तहानलेले. मग कुत्र्याला भूकंपाची चाहूल लागल्याचं माझ्या ध्यानात आलं, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही भूकंपाची वाट पाहिली. शेळ्या घेऊन जाणारी एक म्हातारी म्हणाली, त्याला भूक लागली असेल. तिला मी माझ्या तपासवहीतल्या संशयितांच्या यादीत घातलं. बायको एकटीच पुढे निघाली होती, पण साक्षीदाराला घटनास्थळ सोडता येत नाही, असं सांगून मी तिला थांबवलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी ढब्बू पुन्हा तिथेच बसला. मी भिंग काढलं. बायकोनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि एक बिस्कीट त्याला दिलं. ते खाऊन तो शेपूट हलवत चालू लागला.

"परवा इथे तुम्हाला धाप लागली होती," ती म्हणाली. "मला कळू नये म्हणून खाली बसलात आणि अर्धा पुडा त्याला चारलात. वर आकाशाला नावं ठेवलीत."

"मला अंदाज आलाच होता," मी म्हणालो.

"दम लागतो तर सांगायचं ना. मी थांबले असते."

मला फार लाज वाटली. ही नोंद वहीत नाही. दीपगृह अजून बरंच लांब होतं आणि पुढे सगळा चढ. मी त्या वळणावर खाली बसलो आणि त्या दोघांना पुढे व्हायला सांगितलं.

ती चार पावलं गेली, मागे फिरली आणि पुड्यातलं एक बिस्कीट माझ्यापुढे धरलं.

मी ते खाल्लं आणि उठलो.