वच्छीकाकूची राखीव जागा

आमच्या घरी सणाचं पुरण सण झाल्यावर शिजायचं. माय-बाबा दोघंही दुसऱ्याच्या वावरात जायचे. महालक्ष्म्यांच्या दिवशी सगळ्या गल्लीत पुरणाचा वास सुटायचा आणि आमच्या चुलीवर ज्वारीची भाकर. चार-पाच दिवसांनी शेजारची वच्छीकाकू वाशीमहून परत यायची, हरभऱ्याच्या दाळीची पिशवी मायच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "घे वं, यंदाची उरली." मग आमचा सण.

ही दाळ उरायची कशी, हे सांगायचं तर काकूच सांगावी लागेल.

मालेगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथं वच्छीकाकूच्या घरात उभं राहून चालता यायचं नाही. आढ्याला जिकडं तिकडं कापडी पिशव्या टांगलेल्या. एकीत आंबिलीची ज्वारी, धुऊन वाळवलेली. एकीत पुरणपोळीचे गहू. बाकीच्यांत वाळवलेली गवार, मेथी, वांग्याच्या फोडी, कारल्याच्या चकत्या. आमच्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या ताटात सोळा भाज्या लागतात. भादव्यात मिळाली नाही तर, म्हणून काकू प्रत्येक भाजी हिवाळ्यापासूनच वाळवायला लागायची. दिगंबरकाका डोकं वाचवत घरात फिरायचे. एकदा पावण्यानं विचारलं, "काका, कंबर दुखून राह्यली काय?" काका म्हणाले, "नाई, कारले लागतात."

चैत्रात दाळ निवडणं सुरू. ओट्यावर परात, मांडीवर सूप. खडा तर सोडाच, कडेला टवका उडालेली दाळसुद्धा काकू बाजूला काढायची. मी शाळेतून आले की मलाही बसवायची.

"काकू, महालक्ष्म्याले अजून लय टाईम हाये. आत्ताच काहून?"

"ऐन टायमावर म्या कोनाचं तोंड पाहू?"

हे तिचं ठरलेलं वाक्य. एवढी दाळ घरात असून काकांना वरण काही मिळायचं नाही. ते आमच्या ओट्यावर येऊन हळूच बाबांना विचारायचे, "तुमच्याकडं वरण हाये का रे? आमच्याकडं दाळ हाये, पन देवाची हाये."

एका वर्षी आमच्या बकरीनं काकूची वाळत घातलेली भेंडी खाल्ली. काकूनं गल्ली डोक्यावर घेतली. "सोळावी भाजी होती थे. आता पंधरावर महालक्ष्म्या उठवू काय?" बकरी पुढं कितीतरी दिवस काकूचं दार टाळून जायची.

गंमत अशी, की काकूच्या घरी महालक्ष्म्या बसतच नव्हत्या. त्या घराण्याचे पितळी मुखवटे मोठ्या जाऊबाईंकडं, वाशीमला. मोठ्या घरी देव, धाकट्यांनी तिथं जाऊन हात लावायचा, अशी रीत. काकू दरवर्षी जायची. निवडलेली दाळ थोडी सोबत न्यायची. जाऊबाई म्हणायच्या, "ठेव तिकडं," आणि दुकानातली शिजवायच्या. काकू पोळ्या लाटायची, पंगती वाढायची. महालक्ष्म्यांना लुगडं नेसवायचं काम मात्र जाऊबाईंचं. ते तिला दारातून दिसायचं.

"मंग तू कायले तयारी करतं?" मी एकदा विचारलंच.

काकूनं सूप थांबवलं नाही. "एखांद्या वर्षी बाई म्हनल्या, वच्छे, यंदा तू बसव, तं? तवा दाळ निवडत बसू?"

तिच्या समोरच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला एक जागा रिकामी होती. रोज सारवलेली. तिथं बाज नाही, कोठी नाही. मी कॉलेजची पिशवी टेकवली तर लगेच आवाज यायचा, "थे जागा राहू दे."

मी वाशीमच्या कॉलेजात बी.ए. केलं. एसटीनं जाऊन-येऊन, वावरात खुरपून. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजचं फाटक कोणी पाहिलं नव्हतं. हे मी अजूनही कोणालाही न लाजता सांगते. श्रावणात निकाल लागला. बाबा म्हणाले, "गल्लीले जेवू घालू." माय म्हणाली, "काय वाढतं, निकाल?"

तेवढ्यात काकू दारात. मागं काका, दोन्ही खांद्यांवर पिशव्या.

"हे घ्या. पुरन शिजवा."

"वच्छाबाई, महालक्ष्म्याचं हाये थे," माय मागं सरली.

"वाशीमले दुकानातली दाळ शिजते, मले मालूम नाई काय? पोरगी कुठं दरवर्षी बी.ए. होते?"

तिनं आढं रिकामं केलं. गहू, दाळ, वाळवलेल्या भाज्या, सगळं. पंगतीत काकांनी पुरणाच्या किती पोळ्या खाल्ल्या ते कोणी मोजलं नाही. हात धुताना मला म्हणाले, "बेटा, तू एम.ए. बी करशीन ना?"

आणि महालक्ष्म्या दोन-चार दिवसांवर आल्या तेव्हा वाशीमहून फोन आला. मी तिथंच होते. काकूनं फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला असायचा, त्यामुळं सगळं ऐकू आलं. "वच्छे, माह्या गुडघ्याच्यानं उभं राहवत नाई. सुना म्हनतात आमाले जमत नाई. यंदा तू बसव."

"हो बाई," काकू म्हणाली. फोन खाली ठेवला आणि वर पाहिलं. आढ्याला नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या.

ती त्या रिकाम्या जागेसमोर खाली बसली. "आता म्या कोनाचं तोंड पाहू वं?" या खेपेला ते ठरलेलं वाक्य नव्हतं. ती खरंच विचारत होती.

मी धावत घरी गेले, मायला सांगितलं. माय गल्लीत निघाली. दुपारपर्यंत काकूच्या ओट्यावर परातीच पराती. कोणाचे गहू, कोणाची दाळ, कोणाच्या परसातली दोडकी, चवळी, अंबाडी. बाया दाळ निवडत होत्या आणि काकू मागून फिरत त्यांनी निवडलेली पुन्हा निवडत होती. "तुह्या डोळ्याले चष्मा लाव वं," असं एकीला म्हणालीसुद्धा. तेव्हा आम्ही समजलो, काकू सावरली. भाज्या मोजल्या तर पंधरा. बाबा गेले आणि आमच्या परसातली ओंजळभर भेंडी घेऊन आले. "घ्या वयनी. बकरीच्या पोटातली वापस."

काकू आणि मी एसटीनं जाऊन मुखवटे आणले. पूर्ण रस्ता पेटी तिच्या मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, खाली ठेवा ना." तिनं ऐकलंच नाही.

महालक्ष्म्या उभ्या केल्या तेव्हा लुगड्याच्या निऱ्या ती किती वेळ घालत होती. पदर सारखा केला, मग पुन्हा केला. नंतर दोघींच्या तोंडावरून हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाली, "या. जागा राखून ठेवली होती."

त्या वर्षी महालक्ष्म्या वच्छीकाकूच्या घरी बसल्या. आणि महालक्ष्म्यांचं पुरण आम्ही महालक्ष्म्यांच्याच दिवशी खाल्लं.