मामाच्या आधी जीप पोचली

दुसरबीडच्या इंद्रभानरावांनी जीप घ्यायचं ठरवलं ते एका लंगड्या बैलापायी. भाचीचं लग्न वैशाखात, देऊळगाव राजाला. आणि दमणीच्या जोडीतला डावा बैल चैत्रातच खूर दुखवून बसलेला. शेजारपाजारची जोडी मागून आणली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण इंद्रभानराव नवरीचे मामा. मामानं दुसऱ्याच्या बैलांच्या जिवावर मांडवाशी उतरायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. (शिवाय लढाईतल्या जुन्या गाड्या लष्करानं लिलावात काढल्याची बातमी कानावर आली होती. लंगडा बैल त्यानंतर जरा जास्तच लंगडायला लागला, असं कौशल्याबाईंचं म्हणणं.)

कौशल्याबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. लिलावाला जाताना त्यांनी एवढंच बजावलं, “गाडी चालते का नाई, ते पाहून घ्या.”

इंद्रभानरावांनी पाहिलं. जीप उतारावर उभी होती. तिथल्या साहेबानं ब्रेक काढला, जीप चालू लागली. चालते म्हणजे चालते! बोली त्यांच्यावरच सुटली. इंजिन अजून सुरू झालेलंच नाही, हे पुढं सपाटीवर लक्षात आलं. मग कुणाच्या तरी मालमोटारीच्या मागं दोर बांधून ती वऱ्हाडात आली, आणि शेवटच्या पल्ल्यात बैलांनी ती ओढून वाड्याच्या दारात आणली. लंगडा बैलही तेवढ्यापुरता बरा झाला होता.

कौशल्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “अहो, हिचं हाकायचं चाक डाव्या अंगाले काऊन?”

“अमेरिकेची हाय ती,” इंद्रभानराव म्हणाले. यापलीकडं त्यांनाही काही माहीत नव्हतं.

दुरुस्तीला रहेमतुल्ला मिस्त्री आला. जिनिंगच्या इंजिनापासून फोनोग्राफपर्यंत जे जे बंद पडेल ते तो उघडायचा, आणि त्यातलं बरंचसं पुन्हा सुरूही व्हायचं. त्यानं जीपच्या पंख्याला जिनातल्या जुन्या पट्ट्याची पट्टी कापून घातली, प्लग घासले, टाकीतून एक मेलेली पाल काढली. बॅटरी मात्र कामातून गेलेली. तेव्हा दर वेळी पुढून हँडल मारूनच इंजिन सुरू करायचं, असं ठरलं. राहता राहिला रेडिएटर. त्यात पाणी घातलं की ते शांतपणे अंगणात यायचं.

“भाभी, मूठभर हळद द्या,” मिस्त्री म्हणाला.

“जखमेवर लावता का काय?”

“जखमच हाय. पान्यात हळद फुगते, भोक बुजते.”

कौशल्याबाईंनी लग्नासाठी कांडलेल्या हळदीतली वाटीभर आणून दिली. गळती खरंच थांबली. गावभर झालं की नवरीच्या आधी मामाच्या गाडीला हळद लागली.

मग मिस्त्रीनं गाडी शिकवायला घेतली. “मालक, हा मोठा दांडा गियरचा. हे बाजूचे दोन लहाने हायेत नं, त्यातला हा पुढच्या चाकायचा. गाडी गाळात, रेतीत फसली तं हा वढा. मंग चारी चाकं जोर मारतीन. आन् ही घुंडी बाहेर वढली का पाय न देता रेस राह्यते.”

“हाव, हाव,” इंद्रभानराव म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष कुंपणापाशी जमलेल्या गर्दीकडं होतं. चहा घेऊन आलेल्या कौशल्याबाई मात्र कप हातात धरून ऐकत उभ्या होत्या.

लग्न गोरज मुहूर्ताचं. जेवणं उरकून दोघं निघाली. मागं रुखवताचे डबे, आणि वर एका बासनात मामाकडची पिवळी अष्टपुत्री, जी नेसल्याशिवाय नवरी मांडवात यायची नव्हती. नागपूरहून आलेल्या साहेबासारखी टोपी इंद्रभानरावांनी कपाळावर ओढली होती. पण वाटेत जो भेटे तो उजव्या बाजूला बघून रामराम घाली. मोटार चालवणारा उजवीकडं बसतो, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झालं होतं. त्यामुळं शिंदखेडच्या बाजारापर्यंत बातमी पुढं पोचली: दुसरबीडची बाई मोटार हाकत येऊन राह्यली, आन् नवऱ्याले बाजूले बसवलं.

“काऊन हसून राह्यली?” इंद्रभानरावांनी विचारलं.

“काई नाई. लोक लई चांगले हायेत इकडचे,” कौशल्याबाई म्हणाल्या.

देऊळगाव राजा जवळ आलं. बालाजीच्या देवळाचा कळस दिसू लागला, आणि मध्ये एक कोरडा नाला आडवा आला. गाडीवाटेनं जायचं सोडून इंद्रभानरावांनी जीप सरळ नाल्याच्या रेतीत घातली. (लढाईत ती समुद्रकिनाऱ्यावर उतरली होती, असं ते सगळ्यांना सांगत. त्यांना तसं कुणी सांगितलं, ते कळायला मार्ग नाही.) जीप मध्यापर्यंत गेली, आणि मागची चाकं जागच्या जागी फिरत खाली बसू लागली.

“अहो, तो लहाना दांडा...”

“तू गप बस वं. मले समजते.”

“मिस्त्री सांगत होता का...”

“मिस्त्री मालक हाय का मी मालक हावो?”

इंद्रभानराव खाली उतरले. पहिला गियर टाकलेला, घुंडी ओढून रेस वाढवलेली, मागची चाकं रेती उडवताहेत. अशा अवस्थेत ते म्हणाले, “तू इकडं सरक, हे चाक सरळ धरून बस. मी मांगून धकलतो.”

ते मागं गेले आणि खांदा लावला. चाकांनी त्यांच्या रेशीमकाठी धोतरावर, मिशांवर, नव्या टोपीवर ओंजळीनं रेती फेकली. आणखी जोर लावला, आणखी रेती आली. सूर्य खाली चालला होता. तिकडं नवरीची आई, नणंद अंबूबाई, वाटेकडं डोळे लावून बसली असेल, हे कौशल्याबाईंना दिसत होतं. त्यांनी एकदा बासनाकडं पाहिलं, एकदा मागं पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि लहान दांडा ओढला.

करकर असा मोठा आवाज झाला. जीप हादरली, पुढच्या चाकांनी रेती धरली, आणि म्हैस डबक्यातून उठते तशी ती सावकाश वर आली. इंद्रभानराव ज्या गाडीला टेकले होते ती गाडी तिथं राहिली नाही. ते पालथे पडले.

“थांबव! अवं थांबव!”

“कशी थांबवू? हँडल कोन मारीन मंग?”

हा मुद्दा बिनतोड होता. हँडल मारायला इंद्रभानरावांना निदान अर्धी घटका लागे, आणि दर तीन वेळांत दोनदा ते उलटून मनगटावर बसे. जीप पहिल्या गियरात, दुडक्या चालीनं देऊळगावच्या वाटेला लागली. मागून इंद्रभानराव धावत होते. पण त्यांचा देह धावण्यासाठी घडवलेला नव्हता, आणि वहाणांत रेती. अंतर वाढत गेलं. पुढं सरळ वाट मोगलाईत जालन्याकडं जात होती; तिकडंच गाडी गेली तर बायको निजामाच्या मुलखात मिळायची, या विचारानं त्यांना घाम फुटला.

पण कौशल्याबाईंनी चाक वळवलं. मांडवापुढं पाहुण्यांच्या बैलांसाठी कडब्याची मोठी गंजी रचली होती. गंजीत नाक खुपसून जीप थबकली, आणि बाईंनी चावी फिरवली. वाजंत्री वाजवायचं विसरले. बासन छातीशी धरून बाई उतरल्या.

“वहिनी! दादा कुठी हायेत?” अंबूबाई रडकुंडीला आली होती.

“येऊन राह्यले मांगून. तू रुखमीले अष्टपुत्री नेसव आधी.”

इंद्रभानराव एका कुंभाराच्या गाडीतून, मडक्यांच्या उतरंडीला मिठी मारून पोचले तेव्हा नवरी तयार होती आणि भटजी मामाच्या नावानं हाका मारत होते. दारातच वरपिता उकंडराव उभे. त्यांनी तेलानं, रेतीनं माखलेल्या या माणसाला अडवलं.

“अरे, ड्रायवरची पंगत मागून हाय. तिकडं बस.”

“मी मामा हावो!”

“कोनाचा?”

“नवरीचा!”

“मामी तं कवाच आल्या, मोटार घेऊन.”

तेवढ्यात कौशल्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि पदरानं मिशांतली रेती पुसली. एवढ्या माणसांत त्यांनी पदर लावावा, याचं इंद्रभानरावांना आश्चर्य वाटलं. त्यांनी मान खाली घातली.

“लागलं का कुठी?” बाईंनी हळूच विचारलं.

“नाई,” ते म्हणाले. “तुले?”

मग ते मांडवात गेले. भाचीचा हात धरून तिला पाटापर्यंत नेलं. मुहूर्त सापडला. रुखमी इतकी हसत होती की भटजींना दोनदा ‘सावधान’ म्हणावं लागलं. आणि इंद्रभानरावांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते रेतीचं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात मोताळ्याकडचा एक भला गृहस्थ दुसरबीडला आला. त्याच्या घरी लग्न होतं, आणि त्यानं देऊळगावची हकिगत ऐकली होती. जीप दाराशी उभी होती, धुऊनपुसून.

“मालक, वरातीले गाडी देता का?”

इंद्रभानरावांची छाती फुगली. “अहो, देतो म्हंजे काय! मी सोता घेऊन येतो.”

पाहुणा जरा चुळबुळला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

“तुमी कायले तरास घेता, मालक? बाई मोकळ्या असतीन तवाची तिथी धरू आमी.”