एकच ओळ वाजवणारे दामूआबा

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी संध्याकाळी लोणावळ्यात इरा नावाच्या मुलीचं कथकचं पदार्पण झालं. पेटीच्या साथीला भाजे गावचे दामूआबा होते. संपूर्ण कार्यक्रमात त्यांनी एकही सूर वाजवला नाही. निवेदन माझ्याकडे होतं. मी त्यांच्यापासून पाच फुटांवर उभा होतो.

आबा माणसं पायांवरून ओळखतात. नाचणाऱ्यांचे पाय दहा वर्षं जमिनीवर बसून बघितल्याचा हा परिणाम. बाजारात एखादी मुलगी समोर आली की ते तिच्या चपलांकडे बघून विचारतात, “काय गं, टाच अजून कच्चीच का?” तोंडाकडे बघतीलच असं नाही. मी नवे बूट घातले त्या दिवशी त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

आबांची भाताची शेती आहे. गावच्या भजनात ते पेटी वाजवत. पुण्याचे वादक परवडेनात, तेव्हा लोणावळ्यात तुंगार्लीला कथक शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना लेहरा शिकवला. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एक ओळ. नाचणारीला तालाचा अंदाज राहावा म्हणून ती पुन्हा पुन्हा वाजवायची.

इराचे वडील हॉटेलवाले. त्यांनी तीन कॅमेरे ठरवले, दिव्यांसाठी मुंबईची माणसं आणली, जेवणात दोन गोडाचे पदार्थ ठेवले. घासाघीस केली ती फक्त आबांच्या बिदागीत.

“आबा, एकच तर ओळ वाजवायची!”

“व्हय, एकच. तुमी तासभर एका जागी न हालता हुबं ऱ्हावा सायेब, मंग भाव करू.”

साहेब खूप हसले. बिदागी वाढली नाही.

दोन महिने आबा रोज संध्याकाळी गावाजवळच्या मळवली स्टेशनवरून गाडीनं सरावाला आले. एकदा बाईंनी इराला घरच्या सरावासाठी म्हणून पूर्ण कार्यक्रमाचा लेहरा, लयीच्या सगळ्या बदलांसकट, फोनवर रेकॉर्ड करून घेतला. “म्हंजी घरीबी मीच राबायचं,” आबा म्हणाले. पण सूर चुकला म्हणून पहिली दहा मिनिटं त्यांनी पुन्हा वाजवली.

कार्यक्रमाला अर्धा तास असताना कॅमेरावाल्यानं मंचाकडे बघून सांगितलं, “तबला छान दिसतोय. पेटीवाल्या काकांना आत घ्या, टोपीनं फ्रेम बिघडतेय.” दोन पोरांनी पेटी उचलून बाजूच्या पडद्याआड ठेवली. आबांच्या पुढ्यात कमरेइतका स्पीकर आला.

“हितनं पाय दिसत न्हाईत,” आबा म्हणाले. “पाय दिसल्याबिगर मी वाजवनार न्हाई.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “सरावाचं रेकॉर्डिंग आहे ना? तेच लावा.”

पुण्याहून आलेले तबलजी तबला जुळवत राहिले. बाईंनी फोनवर रेकॉर्डिंग शोधून दिलं. त्यांचा क्लास साहेबांच्या बंगल्याच्या तळमजल्यावर भरतो. मी माझा कागद चाळत होतो. इरा तेव्हा आत घुंगरू बांधत होती.

रेकॉर्डिंग सुरू झालं. कुठेही अडखळलं नाही. प्रेक्षकांना काही कळलं नाही, तबलजींना अडचण आली नाही, टाळ्या जागच्या जागी पडल्या.

आबा निघून जातील असं मला वाटलं होतं. ते पेटीपुढं मांडी घालून बसले. डावा हात भात्यावर ठेवला, भाता उघडला नाही. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर फिरू लागली. स्पीकरमधल्या सुरांबरोबर, तीच ओळ, दीड तास.

मध्ये एकदा मी वाकून म्हणालो, “आबा, कशाला बसलाय? घरी जा की.”

“गप ऱ्हा. गिरकी घिऊन थांबली का पोरगी हिकडं बगती. जागा रिकामी दिसली तर बिचकंल.”

तेवढ्यात इरानं गिरकी पुरी केली आणि पडद्याकडे पाहिलं. आबांनी मान डोलावली. ती पुढच्या तुकड्याला लागली.

शेवटी आभारांचा कागद माझ्या हातात आला. त्यात कॅमेरा होता, दिवे होते, रंगभूषा होती, आचारी होता. आबांचं नाव नव्हतं. कागदावर होतं तेवढं मी वाचलं.

लोक जेवायला गेले. इरा घुंगरांसकट धावत पडद्याआड आली आणि आबांच्या पाया पडली.

“आबा, आज लेहरा कसला पक्का होता! मला एकदाही भीती वाटली नाही.”

“व्हय,” आबा म्हणाले, आणि पेटीवर झाकण घातलं.