ढोके सर आणि शनिवारचं वांगं

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण आमच्या शेजारचे ढोके सर आज किती पोळ्या खातील ते डबा उघडायच्या आधी भिंतीवर खडूने लिहितात. त्याला ते अंदाज म्हणतात.

सर पांढुर्ण्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहेत, एकटेच राहतात. डबा मी देते. चारचा अंदाज लिहून तीन खाल्ल्या, तर खाली येतं, 'वजा एक'.

"अंदाज चुकतेच, कमल. कुठं चुकला, तिकडे पाहायचं."

मी भिंतीकडे पाहते. मला चुना दिसतो.

दुसरं त्यांचं नेहमीचं, "मागे कोणीतरी लपलं आहे." एकदा गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, कूलर लावले की पोरं आजारी पडतात. सर कुंपणावरून ओरडले, "कूलरले काहून दोष देऊन राहिल्या? मागे उन्हाळा लपला आहे ना वो!" बायकांनी खरंच मागे वळून पाहिलं.

यंदा सर फार वाळले. नागपूरहून त्यांच्या लेकीचा, वर्षाचा, मला फोन आला. "काकू, बाबा जेवत नसतील तर दिवाळीत मी त्यांना घेऊनच जाते."

सर घाबरले. "तिच्या फ्लॅटमध्ये मी बोलू कोणाशी? लिफ्टशी?"

मग पोळ्या कशानं उरतात ते शोधायला त्यांनी भिंतीवर भाज्यांची नावं लिहिली. ज्या भाजीला पोळ्या उरल्या, तिच्यावर खडूची पट्टी वाढवत गेले. मी म्हटलं, "सरासरी काढा ना."

"गवार अन् वांग्याची सरासरी काय येईल? भेंडी?"

वांग्याची पट्टी खिडकीला टेकली. "सापडलं! वांगं बंद."

मला वाईट वाटलं. वांगं मी शनिवारीच करते. जामसांवलीच्या मारुतीला जायची बस पकडायची असते आणि वांगं लवकर शिजतं. त्या दिवशी डबा ठेवून मी पळते. एरवी सरांचं जेवण होईपर्यंत उंबऱ्यावर बसते.

पुढच्या शनिवारी बटाटा दिला. तरी दोन पोळ्या उरल्या. मी गोंधळले, सर माझ्याहून जास्त.

बुधवारी भाचीनं मळ्यातली वांगी आणली. भीत भीत तीच केली. सरांनी अंदाज लिहिला, दोन. मग मला संत्र्याच्या भावावर काहीबाही सांगत पाच पोळ्या खाल्ल्या आणि डबा पुसून घेतला.

"सर, मग मागे कोण लपलं होतं?"

सर खडू घेऊन भिंतीपुढे उभे राहिले. मग खडू खिशात टाकला. "जा तू आता," म्हणाले.

शनिवारी मी डबा घेऊन गेले, तर सर टोपी-चप्पल घालून दारात. "डबा सोबत घे. तू दर्शन करून ये, मग मी तिथंच जेवतो."

"तुम्ही तर देव मानत नाही!"

"मी कुठं देवासाठी येऊन राहिलो?"

बस सुटली. सर खिडकीबाहेर पाहत होते. जरा वेळानं तसेच, मान न वळवता म्हणाले, "एकट्यानं घास उतरत नाही, हे वर्षाले सांगू नको. बाबा जेवून राहिले, एवढंच सांग."